अण्णांच्या मुंग्या

डहाणूच्या पंचक्रोशीत अण्णांच्या भूतदयेचा कोण गवगवा! स्नान, जप आटोपला की ते आपल्या चिकूच्या वाडीतल्या, अंगणालगतच्या पिंपळाच्या बुंध्याशी मूठभर साखर घालत. तिथे एखाद्या मुंगीवर पाय पडला, तर सख्ख्या नातवालाही दिवसभर बोलणी खावी लागत. त्यांची सून नर्मदा लग्नानंतर वर्षभर त्यांना अगदी मनापासून नमस्कार करायची.

स्वराज्य येऊन पाच-सहा वर्षं झाली होती. गड्याला झाडाशी बांधायचे दिवस सरले, असं लोक म्हणत. त्या सकाळी उधवा गावच्या आदिवासी पाड्यावरून कामाला आलेल्या बाबल्याने वटवाघळांनी पाडलेले चार चिकू पोरांसाठी फडक्यात बांधले, आणि नेमके अण्णांनी ते पाहिले.

"मारू नका रे त्याला," अण्णा मुकादमाला म्हणाले. "हिंसा आपल्याकडे चालत नाही. नुसतं पिंपळाला बांधा."

मग साखरेचा डबा मागवून त्यांनी आणखी एक मूठ घातली, ती बाबल्याच्या पायांवर. आणि ओटीवर बसून माळ ओढू लागले. जळली मेली ती माळ!

तांबड्या मुंग्या पोटऱ्यांवरून मानेपर्यंत चढल्या. गडी खाली बघत उभे होते. स्वयंपाकघराच्या खिडकीतून नर्मदेला बाबल्याचे मिटलेले डोळे दिसले. पापण्यांवरही मुंग्या होत्या. पिठाचे हात तसेच घेऊन ती भर अंगणातून धावली. सासऱ्यासमोर कधी डोक्यावरचा पदर न ढळू दिलेली बाई ती!

काथ्याची गाठ घट्ट बसली होती. ती सोडवता सोडवता मुंग्या तिच्या मनगटावर चढल्या आणि ती कळवळली.

"हालू नको, बाय," बाबल्या म्हणाला.

सुजलेले डोळे किलकिले करून त्याने मान वाकवली आणि तिच्या मनगटावर हलकेच फुंकर घातली. मग आणखी एक. त्याच्या स्वतःच्या ओठांवर मुंग्या होत्या.

नर्मदा थक्क झाली. इतकी देवळं पाहिली, पण असं अंग शहारलं नव्हतं कधी. हात जोडावेत असं फार वाटलं, पण ते गाठीत गुंतले होते.

गाठ सुटली तसा बाबल्या कोसळला. आता मात्र दोन गडी धावले आणि त्याला उचलून ओढ्याकडे घेऊन गेले.

"शिवलीस त्याला!" ओटीवरून अण्णा गरजले. "मागल्या दारी आंघोळ कर, मगच घरात पाऊल टाक."

"नाही, मामंजी. हा हात आज मी धुणार नाही."

ती पायऱ्या चढली. विटाळ होईल म्हणून अण्णांनीच अंग चोरून वाट दिली, आणि ती तशीच आत गेली.