मध्ये पडायचं नाही

कुंभिवलीच्या नाक्यावर आता कुणाला शूटिंगचं कौतुक राहिलेलं नाही. पाच-सात वर्षं झाली, महिन्यातून एक-दोनदा मुंबईची कुठली ना कुठली मंडळी येतात, छत्र्या रोवतात, दिवे लावतात, एखादी हाणामारी उरकतात आणि दुपारचं जेवण जेवून जातात. सुरुवातीला लोक चुलीवरचं कालवण तसंच टाकून बघायला धावायचे. आता एखादा माणूस रक्तबंबाळ होऊन रस्त्यात पडला, तरी चहावाले आबाजी आधी कॅमेरा कुठे आहे ते बघतात आणि मग गिऱ्हाइकाला विचारतात, साधा का स्पेशल.

या सगळ्याचा कारभार रोहिणीच्या हातात. चाळीस माणसांची गर्दी पाहिजे, सात म्हाताऱ्या पाहिजेत, एक गरीब स्वभावाची शेळी पाहिजे, की रोहिणीला फोन. रस्ता अडवायचा तोही तिनेच. पर्समध्ये एक शिट्टी आणि एक लाल फडकं कायम असायचं. तिने शिट्टी मारली की दहा चाकी ट्रकवालासुद्धा निमूट थांबायचा. मागे एकदा तर एका मालिकेत तिला रडणारी आई करायला लावलं होतं आणि ती अशी काही रडली की नाक्यावर महिनाभर तेच बोलणं चाललं होतं.

गेल्या महिन्यात हेरगिरीच्या सिनेमाचं काम लागलं. लहान पोरांना घेऊन घरच्यांनी मिळून बघायचा सिनेमा. त्यात डोक्याने तल्लख अशा एका पोराला गुंड गाडीत कोंबून पळवतात, असा प्रसंग. पहिल्याच टेकला पोरगं ओरडलं आणि भाजीवाल्या धोंडूबाईने मेथीची जुडी घेऊन गुंडाचं डोकं झोडपलं. दुसऱ्या टेकला आबाजींनी पोराला कडेवर घेऊन हॉटेलात नेलं. डायरेक्टर केस उपटायचा बाकी राहिला. शेवटी रोहिणी स्टुलावर उभी राहिली आणि ओरडली, "पोर किती पण बोंबलू दे, कोणी मध्ये पडायचं नाय. जो पडंल त्याला मी परत कधी बोलावणार नाय." रोहिणीचा शब्द तो. लोकांनी गाठ मारून ठेवला.

त्या गर्दीत तिची स्वतःची लेक होती, पौर्णिमा. वय वर्षं दहा. तिला सगळे पूर्णी म्हणायचे. पोरीच्या डोक्यात आधीच काय कमी होतं? शाळेचे नवे सर म्हणजे वेष बदललेले पोलीस, दूधवाला दुसऱ्या देशाचा माणूस, आणि बुद्धविहारामागचा बोका रात्री कुणाला तरी खबर देतो. शूटिंग बघितल्यावर ती घरी आली ती हेर होऊनच. रोहिणीचा जुना फोन तिने कपाटातून काढला. काच फुटलेली, दोन वर्षं चालू न झालेला. तो कानाला लावून ती "साहेबांशी" बोलायची. एक वही केली, वर लिहिलं, गुप्त.

शुक्रवारी संध्याकाळी रोहिणी भाकऱ्या थापत होती, तेव्हा पूर्णी शेजारी येऊन बसली.

"आई, नाल्यावर टँकर येतो. पाइप लावून पाणी सोडतो. पिवळं पाणी. वास येतो त्याला."

"बरं."

"आज मी फोन धरला तर टोपीवाल्याने मला बघितलं. मी पळाले."

"आणि मग बोक्याला सांगितलंस का?"

"आई, खरंच गं."

"पूर्णे, पोळपाट सरकव तो."

एवढंच बोलणं झालं. पोरीने पोळपाट सरकवला आणि उठून गेली. बारा गोष्टी खोट्या निघाल्यावर तेरावी कोण ऐकून घेणार, सांगा. रोहिणीचं तरी काय चुकलं? पण चुकलं, आणि ते तिला दुसऱ्या दिवशी दुपारी कळलं.

शनिवारची शाळा साडेअकराला सुटते. बारा वाजले तरी पूर्णीचा पत्ता नाही. नवरा नरेश टेंपो घेऊन पनवेलला गेलेला. रोहिणीने चपला अडकवल्या आणि पोरीच्या नावाने बडबडत नाक्यावर आली.

आबाजी कप विसळत होते. तिला बघून तोंडभर हसले. "ह्या टायमाला पोरीला मेन रोल दिलास का गं? सांगितलं पण नाय आमाला."

"कसला रोल?"

"मगाशी गेली की गाडीतनं. पांढरी गाडी, मागं एक टोपीवाला. काचेवर असे हात आपटत होती. काय काम करते पोर, माझ्या अंगावर काटा आला. मी हात केला तिला, शाबास म्हणून."

हॉटेलच्या बाकाला हात टेकून रोहिणी उभी राहिली. टोपीवाला. पिवळं पाणी. बोक्याला सांगितलंस का.

"आबाजी, आज शूटिंग नाय. कुठं गेली गाडी?"

"नाल्याकडं वळली. अर्धा तास झाला असंल. तुला सांगितलं नसंल, दुसरी कुठली पार्टी आली असंल."

"नाय आबाजी. माझ्या पोरीला पळवलंय."

हे ती मोठ्याने बोलली. हॉटेलातल्या सहा-सात जणांनी माना वळवल्या. आणि हसले, मेले. विटांचा टेंपो चालवणारा विकास तर बशी खाली ठेवून म्हणाला, "ताई, मागच्यापेक्षा भारी. डोळ्यांत पाणी पण आलं. कॅमेरा कुठं लपवलाय?"

"विकास, मी खरं सांगते."

"असंच म्हणायचं असतं ना? आमी नाय मध्ये पडत. तूच सांगितलंस."

रोहिणीने त्याच्याकडे बघितलं. त्याच्या कानाखाली जाळ काढावा असं तिला वाटलं. पण तो बिचारा काय खोटं बोलत होता? तिचाच हुकूम तो पाळत होता. अर्ध्या तासापूर्वी तिची लेक या सगळ्यांच्या डोळ्यांसमोरून ओरडत गेली होती आणि आईच्या शब्दाखातर एकही माणूस बाकावरून उठला नव्हता.

बाजूला होऊन तिने पोलिसांना फोन लावला. पलीकडच्या बाईंनी नीट ऐकून घेतलं. गाडीचा नंबर विचारला, तो कुणीच बघितला नव्हता. पोलिसांची गाडी निघतेय, म्हणाल्या, पंधरा-वीस मिनिटांत पोचेल. तुम्ही एकट्या मागे जाऊ नका.

पंधरा-वीस मिनिटं. नाल्याचा रस्ता पुढे बंद आहे. गाडी गेली त्याच वाटेने परत येणार आणि नाक्यावरून मोठ्या रस्त्याला लागणार. एकदा का मोठ्या रस्त्याला लागली, की इकडे मुंबई आणि तिकडे पुणे. मग पोर कुठे शोधायची? गाडी इथेच अडली पाहिजे. आणि माणसांना एकेकाला धरून पटवत बसायला वेळ नव्हता.

रोहिणीने पदराने तोंड पुसलं. पर्स उघडली. शिट्टी गळ्यात अडकवली, लाल फडकं हातात घेतलं आणि अशी शिट्टी फुंकली की झाडावरचे कावळे उठले.

"चला रे, शॉट लागतोय!"

मघापासून बाकाला चिकटलेली मंडळी ताडकन उभी राहिली. खरं सांगितलं तर ढिम्म, आणि खोटं सांगितलं तर सगळे तयार. असली ही आमची माणसं.

"विकास, टेंपो नाल्याच्या रस्त्याच्या तोंडावर आडवा लाव. हँडब्रेक ओढ. आबाजी, बाकडी बाहेर काढा. नीट ऐका. पांढरी गाडी येईल. मी लाल फडकं वर केलं की गराडा घालायचा. चारी दारं उघडायची, मुलीला बाहेर काढायची, गाडीतल्यांना धरून ठेवायचं. ते शिव्या देतील, मारामारी करतील, ते त्यांचं काम. तुमी सोडायचं नाय."

"मंजे आज मध्ये पडायचं?" आबाजींनी विचारलं.

"आज पडायचं."

धोंडूबाईने टोपलीतून जुडी उचलली. "रोहिणी, ह्या टायमाला चालंल का गं?"

"चालंल मावशी. पाहिजे तेवढी मार."

सगळे जागेवर गेले. रोहिणी टेंपोच्या पुढे, रस्त्याच्या मधोमध उभी राहिली. तिने दोन्ही टाचा डांबरात घट्ट रोवल्या. पोर गाडीत असेल का? का नाल्यावरच... तो विचार तिने पुरा होऊ दिला नाही. पोर गाडीत आहे. गाडी येणार. मी तिला काढणार. एवढंच ती मनात घोकत राहिली.

गाडी आली. धुळीने माखलेली, काचा वर. रोहिणीने शिट्टी मारली आणि फडकं आडवं धरलं. पुढे टेंपो, समोर बाकडी, दोन्ही बाजूंना माणसं. ड्रायव्हरने दोनदा हॉर्न वाजवला. रोहिणी त्याच्या काचेपाशी गेली आणि रोज ज्या आवाजात बोलते त्याच आवाजात बोलली. तिला तो आवाज कुठून मिळाला, हे तिचं तिलाही आजवर कळलेलं नाही.

"सायब, शूटिंग चालू हाय. दोन मिनिटं. काच खाली घ्या जरा."

काच चार बोटं खाली आली. "आम्हाला घाई आहे."

"सगळ्यांनाच घाई हाय, सायब. इंजिन बंद करा. आवाज रेकॉर्ड होतोय, तुमच्या गाडीने शॉट बिघडला तर डायरेक्टर परत घेईल. मंग अर्धा तास."

या पट्ट्यात गाडी चालवणाऱ्या कुणाला हे नवं नाही. इंजिन बंद करा म्हटलं की बंद करायचं, तेवढ्यात सुटका होते. ड्रायव्हरने वैतागून चावी फिरवली आणि नीट ऐकू यावं म्हणून काच आणखी खाली घेतली.

रोहिणीने मागे बघितलं. टोपीवाल्याचा एक हात पूर्णीच्या मानेमागे होता. पूर्णीच्या गालावर माती, केस सुटलेले. तिने आईकडे बघितलं. आणि नजर काढून घेतली, अशी की जणू रस्त्यात उभी असलेली कुठलीशी बाई. हेर आपल्या माणसाला ओळख दाखवत नाही, हे तिने रोहिणीला जेवताना दहा वेळा ऐकवलं होतं आणि रोहिणीने दहाही वेळा म्हटलं होतं, गप जेव.

पोरीने ओठ आवळून धरले होते. आई अशी एक हाक मारली असती तरी सगळं फसलं असतं. ती मारत नव्हती. ते बघून रोहिणी काचेच्या आणखी जवळ सरकली.

तिने काचेतून हात घातला, चावी उपटली आणि चावीवरचं बटण दाबलं. चारी कुलपं खट्कन उघडली. दुसऱ्या हाताने तिने लाल फडकं वर केलं.

मग जे झालं ते कुठल्याही डायरेक्टरला जमलं नसतं. धोंडूबाईने ड्रायव्हरला गाडीतून उतरूच दिलं नाही, जुडीची पार काडी काडी झाली. विकासने टोपीवाल्याला दंडाला धरून ओढलं. तो शिव्या देत होता, लाथा झाडत होता, आणि विकास त्याला म्हणत होता, "भारी करताय राव, पण जरा हळू लागू द्या." आबाजींनी पूर्णीला उचललं, तसंच, मागच्या महिन्यात त्या पोराला उचललं होतं तसं.

रोहिणीने तिला त्यांच्या हातातून घेतलं. तेव्हा कुठे पूर्णी रडली. पोटातून, घशातून, सगळ्या अंगाने. तिच्या एका पायात चप्पल नव्हती आणि दंडावर पाच बोटं उमटली होती, निळी पडायला लागलेली.

ती बोटं आबाजींनी बघितली.

"कॅमेरा कुठाय?" विकासने विचारलं. त्याने आजूबाजूला बघितलं, मग आपण कुणाला धरलंय ते बघितलं, आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं. पण हात सुटला नाही. उलट इतका घट्ट झाला की टोपीवाला कळवळला.

पोलीस आले आणि गाडी, टोपीवाला, ड्रायव्हर, सगळं ताब्यात घेऊन गेले. ही माणसं टँकरने कारखान्याचं विषारी पाणी चोरून नाल्यात सोडायची आणि फुटक्या फोनमध्ये आपलं शूटिंग झालं असं त्यांना वाटलं होतं, म्हणून पोरीला शाळेच्या वाटेवर उचललेली. फोन बंद आहे हे तिने त्यांना सांगितलंच नाही. करंजाखाली पुरलाय, म्हणाली. तिथे उकरून झाल्यावर म्हणाली, चुकलं, सागाखाली. मग तिसरं झाड. शेवटी म्हणाली, आठवलं, गावात विहारामागे ठेवलाय, म्हणजे गाडी परत नाक्यावरून जाईल. तिच्या गोष्टींना त्या दिवशी पहिल्यांदा कुणी खरं मानलं, आणि तेवढ्यावर ती जगली. फोनमध्ये काहीच नव्हतं, पण गुप्त वहीत चौदा नोंदी होत्या. तारीख, वेळ, टँकरचा नंबर, पाण्याचा रंग. रोहिणीने ती वही कधी उघडलीच नव्हती. पोलिसांनी ती उघडली तेव्हा तिला मान वर करवेना.

त्या संध्याकाळी पूर्णी आईच्या मांडीवर डोकं ठेवून पडली होती.

"आई, आबाजींनी मला ओळखलं नव्हतं का?"

रोहिणीने खरं तेच सांगितलं. "ओळखलं होतं, बाळा."

"मग हात का केला?"

"माझ्यामुळं. आणि काल तू सांगत होतीस तेव्हा मी ऐकलं नाय, ते पण माझंच."

पूर्णी कूस बदलून आईच्या तोंडाकडे बघू लागली. मग म्हणाली, "बोक्याचं खोटं होतं. टँकरचं खरं होतं."

"इथून पुढं दोन्ही ऐकीन," रोहिणी म्हणाली.

दोन महिन्यांनी नाक्यावर परत एक काम लागलं. मालिकेतली छोटी मुलगी बापाचा हात सोडून रस्त्यात रडते, एवढाच प्रसंग. ॲक्शन झालं, मुलगी रडायला लागली. आणि आबाजी हातातला कप ठेवून सरळ कॅमेऱ्यासमोर चालत गेले, तिच्यापुढे उकिडवे बसले आणि म्हणाले, "बाळा, हे खोटं खोटं हाय ना? खरं असंल तर सांग."

डायरेक्टर किंचाळला. "मॅडम, तुमच्या माणसाला आवरा."

रोहिणीच्या गळ्यात शिट्टी होती. तिने ती फुंकली नाही. मुलगी मान हलवून हसेपर्यंत, आणि आबाजी गुडघ्यावर हात टेकून उठेपर्यंत ती तशीच उभी राहिली.

"आवरायचं नाय, सायब," ती म्हणाली. "तुमी शॉट परत घ्या."