पिवळा झेंडा

दर फेब्रुवारीत, विस्कॉन्सिनमधल्या आमच्या गावच्या हॉटेलात, तीनेकशे माणसं टेबलावरचे खेळ खेळायला जमतात. एरवी दारातला बर्फ उपसताना शेजाऱ्याकडे मान वर करून बघणार नाहीत, पण इथं अनोळखी माणसासमोर चार-चार तास बसून खेळातल्या लाकडी मेंढरांची घासाघीस करतील. मी आर्डिस. खेळ उसने द्यायचं टेबल माझं. गळ्यातलं नावाचं कार्ड माझ्याकडे ठेवायचं आणि खेळ न्यायचा. माहितीपत्रकात 'रोज आंघोळ करावी' ही ओळ छापायला लावणारीही मीच.

खेळाडू कमी पडले की टेबलावर पिवळा झेंडा उभा करायचा, ही इथली रीत. झेंडा दिसला की कुणीही येऊन बसावं, आणि बसलेल्याला उठवायचं नाही. मग तो आवडो न आवडो.

या शनिवारी सकाळी वर्लिन झेंडा मागायला आला तेव्हा मला वाईट वाटलं. बावीस वर्षांत त्याला झेंडा लागला नव्हता, कारण सोबत ड्यूएन असायचा. वर्लिन गणिताचा निवृत्त मास्तर, ड्यूएन रस्त्यावरचा बर्फ काढायचा ट्रक चालवतो. दोघं एका गाडीतून यायचे, एका खोलीत राहायचे, आणि ड्यूएनच्या घोरण्यावरून वर्लिन रविवारपर्यंत कुरकुरायचा. यंदा दोन गाड्या आणि दोन खोल्या.

झालं असं होतं. 'ओंडके' हा त्यांचा लाडका खेळ. तोडलेली लाकडं नदीतून खाली गिरणीपर्यंत न्यायची. नियम समजावायचा मान वर्लिनचा. तो बोलायला लागला की शेजारच्या टेबलांवरची माणसंही ऐकत बसायची. गेल्या वर्षी मॅडिसनहून आलेल्या एका दातांच्या डॉक्टरीणबाईंनी सहज नियमांची पुस्तिका उघडली.

"ओंडके तुंबले की सगळ्यात पुढे असलेल्याचे अर्धे बुडतात म्हणालात," त्या म्हणाल्या, "पण इथं तर सगळ्यात मागे असलेल्याचे, असं लिहिलंय."

अठरा वर्षं वर्लिन उलटं शिकवत आला होता. एरवी कुणी चकार शब्द काढला नसता. आमच्याकडे दुसऱ्याने पाय तुडवला तरी आपणच माफी मागतो. पण ड्यूएन हसला. असा हसला की पलीकडच्या दालनातून माणसं बघायला आली. वर्लिनने सोंगट्या डब्यात भरल्या. गाडी ड्यूएनची होती, म्हणून हा बसने घरी गेला. त्यानंतर वर्षभर त्याने ड्यूएनचा फोन उचलला नाही.

यंदा झेंडा घेताना वर्लिन म्हणाला, "आर्डिस, हे माझं शेवटचं वर्ष. दुपारपर्यंत कुणी बसलं नाही तर निघेन."

आणि ड्यूएन माझ्या मागे, खेळांच्या कपाटाआड उभा. एवढा धिप्पाड माणूस, हातात तळलेल्या चीजचा कागदी डबा.

"काय शोधतोयस?" मी विचारलं.

"काही नाही. बघतोय."

"तासभर एकच खोका बघतोयस. जा, बस जा त्याच्यासमोर."

"उठून जाईल तो."

"झेंडा लावून? वर्लिन? अरे, नियमासाठी तो बायकोशी भांडेल."

"मग तूपण चल. तिघांशिवाय तो खेळ होत नाही."

हे खरं होतं. 'आत्ता येते' अशी पाटी ठेवून मी त्याला दंडाला धरून नेलं.

आम्ही बसलो तसं वर्लिनने वर पाहिलं. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. मग त्याने झेंड्याकडे पाहिलं. इलाज नव्हता.

"नमस्कार," तो ड्यूएनला म्हणाला. "मी वर्लिन. तुम्ही हा खेळ आधी खेळलायत का?"

अनोळखी माणसाला इथं विचारतात तो हा पहिला प्रश्न. तो त्याने बावीस वर्षांच्या मित्राला विचारला. ड्यूएनने गळ्यातलं कार्ड सरळ केलं.

"नाही," तो म्हणाला. "शिकवाल?"

वर्लिनने शिकवलं, चांगली चाळीस मिनिटं. सुरुवातीला लाकडासारखा ताठ होता, पण मास्तरच तो. समोर ऐकणारं कुणी असलं की रुसवा किती वेळ टिकणार? तुंबण्याच्या नियमापाशी मात्र थांबला. पुस्तिका काढून, ओळीवर बोट ठेवून त्याने वाचलं. "सगळ्यात मागे असलेल्याचे अर्धे ओंडके बुडतात." मग म्हणाला, "हे मी बरीच वर्षं चुकीचं शिकवलं. लोक हसले."

"मला माहीत होतं," ड्यूएन म्हणाला.

"काय माहीत होतं?"

"नियम उलटा आहे ते. दुसऱ्याच वर्षी कळलं. तू आंघोळीला गेला होतास, मी खोलीत पुस्तिका वाचली."

वर्लिनचं ते परकेपण तिथंच गळालं. "आणि सोळा वर्षं गप्प बसलास? अरे, पुढे तर कायम तूच असायचास. दरवेळी तुझेच बुडायचे."

"हो की."

"मग बोलला का नाहीस?"

ड्यूएनने चीजचा एक तुकडा उगाच चघळला. "तो नियम सांगताना तू टेबलावर हात आपटून पाण्याचा आवाज काढायचास. मला आवडायचं ते. चूक दाखवली असती तर तू पुन्हा कधी शिकवलं नसतंस. गेल्या वर्षी तसंच झालं." मग खाली बघत म्हणाला, "मी तुला नव्हतो हसलो. इतकी वर्षं दाबून ठेवलेलं एकदम बाहेर पडलं. पण हसायला नको होतं. चुकलं माझं."

आमच्याकडे एवढं बोलणं म्हणजे भाषणच. मला रुमाल सापडेना. पिवळा झेंडा कापडाचा होता, मी तोच काढून डोळे पुसले.

"मग आज कुठल्या नियमाने खेळायचं?" वर्लिनने विचारलं.

"खऱ्या. अठरा वर्षांत मी एकदाही जिंकलो नाही, ते त्या उलट्या नियमापायी. आज बघच."

ड्यूएन नेहमीसारखा सुसाट पुढे. ओंडके तीनदा तुंबले आणि तिन्ही वेळा बुडाले माझे. हा पठ्ठ्या सर्वांआधी गिरणीवर पोचला, भाव चढायच्या आत सगळं विकून मोकळा झाला, आणि बत्तीस गुणांनी हरला. माझ्याही मागे राहिला. नाचता येईना अंगण वाकडे, दुसरं काय.

वर्लिनने गुण पुन्हा तपासले आणि तो हसायला लागला. असा हसला की पलीकडच्या दालनातून माणसं बघायला आली. ड्यूएन मान खाली घालून बसून होता. आता हा उठून जाणार, असं मला वाटलं.

मग ड्यूएनने चीजचा डबा त्याच्याकडे सरकवला.

"शिकवणाराच बरोबर नव्हता," तो म्हणाला. "पुन्हा मांड. आणि नियम पहिल्यापासून सांग, हात आपटून."