डावी घाटकोपरची, उजवी मुलुंडची

मी एक जुनी चप्पल आहे. डाव्या पायाची, टायरच्या तळाची, अंगठ्याची. मित्रांनो, चपलेची गोष्ट ऐकायची म्हटल्यावर तुम्ही नाक मुरडलंत ते मला दिसलं. खुशाल मुरडा. मी माणसांना आयुष्यभर खालून पाहिलं आहे, आणि खालून माणूस फारसा मान देण्याजोगा दिसत नाही. त्यातून माझ्या नशिबी आली दोन अशी माणसं, ज्यांना आपापल्या स्टेशनाबाहेरच्या बाजाराचा गर्व होता. स्वतःचा बंगला असावा तसा गर्व, आणि राहायला दोघंही दहा बाय बाराच्या खोलीत.

माझा जन्म घाटकोपरचा, साल १९८३. भटवाडीच्या तोंडाशी कुंडलिक नावाचा चपला शिवणारा बसायचा. त्याने सीताराम चाळके या गृहस्थाचा पाय कागदावर ठेवून पेन्सिलने माप काढलं आणि मला शिवलं. उजवी दुसऱ्या दिवशी झाली, म्हणून मी तिच्यापेक्षा एका दिवसाने मोठी. कुंडलिक कमी बोलायचा आणि टाके घट्ट घालायचा. माझ्या आयुष्यात मी मनापासून मानलेला हा एकच माणूस.

सीतारामची गिरणी संपात गेली ती गेलीच. मग तो विक्रोळीच्या एका कारखान्यात गेटवर बसू लागला. ड्यूटी सुटली की सरळ घरी यावं की नाही? नाही. रोज घाटकोपर स्टेशनबाहेरचा सगळा बाजार पालथा घालायचा, घ्यायचं काही नसलं तरी. "घाटकोपरला काय मिळत नाही ते सांगा," असं तो कुणालाही ऐकवायचा. मी सांगू शकले असते. पाऊल टाकायला जागा मिळत नाही. फरसाणाचं तेल, केळ्याच्या साली, भाजीचा पाला आणि लोकांनी जाता जाता टाकलेल्या पिंका, या सगळ्यांतून मी रोज जायचे आणि वर तो छाती काढून चालायचा. भांड्यांच्या दुकानातल्या स्टीलच्या पिंपांत स्वतःचं तोंड बघायचा आणि खूश व्हायचा. बाजार गुजराती व्यापाऱ्यांचा, पिंपं त्यांची, आणि ऐट याची.

त्याची मुलगी प्रेमा भांडुपच्या एका औषधांच्या कारखान्यात बाटल्यांना लेबलं लावायची. तिथेच फिटर असलेल्या जयवंत परबशी तिचं जमलं. जात जुळली, पत्रिका जुळली, मुलगा निर्व्यसनी होता. जयवंतचे वडील लवू परब मुलुंडचे. भटजींनी शोधून शोधून १८ मेचा एकच मुहूर्त काढून दिला. तो चुकला तर पुढचा थेट तुळशीच्या लग्नानंतर. हॉलही ठरला. राहिला होता फक्त बस्ता. लग्नाचा शालू, साड्या, मानपानाचे कपडे, हे सगळं दोन्हीकडच्या माणसांनी एका दुकानात एकत्र बसून घ्यायचं, त्याला बस्ता बांधणं म्हणतात. सगळी मुंबई त्यासाठी दादरला जाते. पण सगळ्या मुंबईला असते ती अक्कल या दोघांना नव्हती.

एप्रिलच्या तिसऱ्या रविवारी सीताराम आणि त्याची बायको जानकी मुलुंडला परबांकडे गेली. मी दाराबाहेर चपलांच्या ढिगात होते, पण आतलं सगळं ऐकू येत होतं.

"बस्ता आमच्याकडे बांधू," सीताराम म्हणाला. "स्टेशनला उतरलात की समोर दुकानं."

"कित्या? मुलुंडात काय नाय ता सांगा माका," लवू म्हणाला. तो मालवणकडचा, आणि आवाज बैठकीचा नव्हे, बंदरावरचा. "आमच्याकडे पाच रस्तो आसा. आखीव काम. तुमच्या घाटकोपरात उभा रवाक जागा नाय, थय शालू खय उलगडून बघतलास?"

"परब, मुंबई जिथं संपते त्याला मुलुंड म्हणतात. पुढे जकात नाका. माझ्या मुलीचा शालू मी नाक्यावरून घेणार नाही."

"मग मुलगी खय देताहास? नाक्यावरच ना?"

आत पेले वाजले. जानकी "अहो, बसा ना" म्हणत होती आणि सीताराम बाहेर येत होता. रागाच्या भरात त्याने माझ्यावर पाय मारून मला उलटी केली, शेजारच्याच दुसऱ्या डाव्या चपलेत पाय सारला, आपली उजवी घातली आणि जिना उतरला. ती दुसरी डावी लवूची होती. तीही टायरच्या तळाची, अंगठ्याची, तपकिरी. तीन वर्षं ज्याचा घाम मी प्यायले, त्या माणसाला मी ओळखू आले नाही.

सकाळी लवूने मला सरळ केलं आणि पाय घातला. पाय तंतोतंत बसला. मापाच्या बाबतीत देवाने दोघांना एकाच कागदावर काढलं होतं.

"ही माझी नाय," तो म्हणाला.

"मग देऊन येवा," त्याची बायको शेवंती म्हणाली.

"मी कित्याक जाव? घालून तो गेलो. आणून त्येनाच देवक व्हयी."

अशी मी मुलुंडची झाले. डावी घाटकोपरची, उजवी मुलुंडची, आणि वर हा गृहस्थ मान ताठ ठेवून चालतोय. आता ज्या मुलुंडचं एवढं कौतुक, ते मी पाहिलं. रस्ते सरळ आहेत, खोटं कशाला बोलू. झाडंही आहेत, आणि झाडं आहेत म्हणून कावळे आहेत, आणि कावळे वरून काय टाकतात ते चपलेला विचारा. पाच रस्त्यावर पाच रस्ते एकत्र येतात आणि पाचही रस्त्यांवरच्या लोकांना आधी आपणच जायचं असतं. बाजार तोच. तेच फरसाण, तीच पिंपं, त्याच पिंका. फक्त लवू ओट्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा की घाटकोपरात बघण्यासारखं काही नाही. त्याने घाटकोपर गाडीच्या खिडकीतून पाहिलेलं होतं, तेवढंच.

मला खरं सांगायला लाज वाटते, पण सांगते. मला दोन्ही बाजारांचा सारखाच तिटकारा होता, आणि तरी मला उजवीची आठवण यायची. शेजारी दुसऱ्या जातीच्या टाक्यांची उजवी चालत असली की पाऊल पडतं, पण ताल बसत नाही.

आठवा दिवस उजाडला. मी पुन्हा दाराशी उलटी पडले होते. उलटी चप्पल घरात भांडण आणते, हे शेवंतीला पक्कं माहीत. तिने मला बघितलं आणि कपाळावर हात मारला. "ह्याच चपलेन भांडाण लावल्यान," म्हणून तिने मला पायाने जिन्यात ढकललं. भांडणाऱ्या नवऱ्याला ढकलता येत नाही, मग चप्पल बरी. जयवंत कामाला निघाला होता. त्याने मला उचललं, वर्तमानपत्रात गुंडाळलं आणि डब्याच्या पिशवीत घातलं.

भांडुपच्या कारखान्याच्या गेटाशी प्रेमा उभी होती. तिच्याही पिशवीत एक पुडकं होतं.

"आणलीस?" तिने विचारलं.

"आणली. बाबा म्हणतात, त्यांनी यायला पाहिजे."

"आमचे पण तेच. आठ दिवस वेगवेगळ्या चपला घालून फिरतायत, पण मुलुंडला पाय ठेवणार नाहीत." तिने आपलं पुडकं बाहेर काढलं. "जयवंत, मुहूर्ताला वीस दिवस राहिले. हा गेला तर दिवाळीनंतर. तोवर हे दोघं भांडायला दुसरं काहीतरी शोधतील, आणि आपलं राहून जाईल. मला भीती वाटते रे."

"मग काय करू या?"

"आधी चप्पल दे."

दोन मिनिटांत अदलाबदल झाली. घरी माझ्या उजवीशेजारी बसल्यावर तिने मला सांगितलं की घाटकोपरलाही तोच तमाशा चालला होता.

संध्याकाळी प्रेमाने मला सीतारामसमोर ठेवलं. "परबांकडून आली," ती म्हणाली, आणि ते खरंच होतं. सीताराम मिशीत हसला. आला ना शेवटी वळणावर. आता आपणही मोठेपणा दाखवायचा, आणि मोठेपणा दाखवायचा तर सांगून कशाला जायचं, म्हणून रविवारी तो जानकी आणि प्रेमाला घेऊन न कळवता मुलुंडला गेला. परबांच्या दाराला कुलूप. शेजारच्या बाईंना ते कुठे गेले ते ठाऊक नव्हतं. आम्ही जिन्यात तास काढला, मग दुपारच्या उन्हात पाच रस्त्यावर उभे राहिलो, मग पुन्हा जिना.

"मुद्दाम कुलूप लावून गेला," सीताराम म्हणाला. "मी येणार हे त्याने ओळखलं होतं. संपलं. लग्न नाही."

जानकी रडायला लागली.

सोमवारी भांडुपला जयवंतकडून उलगडा झाला. आपली डावी परत आलेली पाहून लवूनेही असाच मोठेपणा ठरवला होता, असाच न कळवता. रविवारी तो शेवंती आणि जयवंतला घेऊन भटवाडीत आमच्या कुलपासमोर दोन तास उभा होता, आणि त्यानेही लग्न मोडलं होतं. दोघंही आयुष्यात पहिल्यांदा शहाण्यासारखे वागायला गेले आणि एकमेकांच्या बंद दारावर आपटून आले. मित्रांनो, मूर्खाचा हट्ट मी समजू शकते, पण मूर्खाच्या औदार्यासमोर माझेही टाके उसवले.

त्या संध्याकाळी प्रेमा घरी आली, चपला काढल्या आणि बसलीच नाही.

"बाबा, रविवारी भांडुपला बस्ता आहे. दुकान मी बघून आले. परबांना जयवंत सांगतोय."

"भांडुप?" सीताराम म्हणाला. "तिथं माणसं कपडे घेतात?"

"मी घेते. कुलूप त्यांनी मुद्दाम लावलं नव्हतं. ते आपल्या दारात उभे होते, आपण त्यांच्या. तुम्ही आलात तर अठरा तारखेला हॉलमध्ये लग्न. नाही आलात तर त्याच महिन्यात रजिस्टर, आणि मी आहे या साडीवर जाईन. तुमचा राग माझ्यावर काढा, माझ्या लग्नावर काढू नका."

उंबऱ्यावर चपला घालूनच बसलेल्या सीतारामने भिंतीकडे बघितलं. बराच वेळ त्याचा अंगठा माझ्यात वरखाली होत राहिला.

रविवारी सगळे आले. दुकानात पांढरी गादी होती, म्हणून चपला पायरीवर. बायका आत गेल्या, जयवंतही गेला. दोघे बाप बाहेरच्या ओट्यावर बसले, मध्ये एका माणसाची जागा सोडून. शालू बघायला आत जाणं म्हणजे भांडुपला मान देणं, ते दोघांनाही परवडणारं नव्हतं.

"हा काय बाजार?" थोड्या वेळाने सीताराम समोर बघत म्हणाला. "रस्ता कुठं संपतो नि गटार कुठं सुरू होतं, पत्ता नाही."

"आमच्याकडे निदान रस्तो दिसता," लवू म्हणाला.

"दिसतो. परवा पाहिला. सरळ आहे."

लवू जरा सरकला. "तुमच्याकडे ता भांड्यांचा दुकान आसा. कोपऱ्यावरचा. मोठा आसा."

"हे बघा, हे इथलं दुकान. भांडी आहेत की डबे?"

"आणि ता टेलराचा बोर्ड वाचा. शुद्धलेखनाची पार वाट लावल्यान."

तास-दीड तास त्यांनी भांडुपची अशी सालटी काढली की मला, जिला कुणाचंच बरं बोलता येत नाही, त्या गावाची कीव आली. दोन चहा झाले. मधली जागा कधी भरली ते दोघांना कळलं नाही. प्रेमा शालूचं गाठोडं घेऊन बाहेर आली तेव्हा दोघे बोलत बोलतच उठले, खाली न बघता पाय घातले आणि चालू लागले. मी लवूच्या पायात होते.

प्रेमाने आमच्याकडे पाहिलं. सांगायला तोंड उघडलं. मग तिने त्या दोघांच्या पाठी पाहिल्या, तोंड मिटलं आणि गाठोडं दुसऱ्या हातावर घेतलं.

लग्न अठरालाच झालं. त्यानंतर दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सीताराम मुलुंडला यायचा. "चप्पल न्यायला आलोय," म्हणायचा. "बस, चाय घे," लवू म्हणायचा. मग पाच रस्त्यावर एक फेरी व्हायची, नावं ठेवणं व्हायचं, आणि जाताना सीताराम आला होता तसाच परत जायचा, माझी उजवी आणि लवूची डावी घालून. तिसऱ्या रविवारी लवू घाटकोपरला. तीन वर्षं ही अदलाबदल चालली आणि एकदाही झाली नाही. त्यांचं जुळलं, माझी जोडी फुटली ती फुटलीच. दाराबाहेर उजवीशेजारी मिळायचा तो तासभर, तेवढंच माझं माहेर. तरी मी त्यांना शिव्या घालत राहिले, कारण सवय होती.

गेल्या फेब्रुवारीत पहिल्या रविवारी सीताराम आला नाही. त्याच्या छातीत आदल्या शुक्रवारी कळ आली होती, ती त्याला घेऊनच गेली. महिनाभर माहेरी राहून प्रेमा मुलुंडला परत आली आणि पिशवीतून दोन चपला काढून दाराशी ठेवल्या. माझी उजवी, आणि लवूची डावी. चारही चपला जागेवर लागल्या. जोड्या पुऱ्या झाल्या.

लवूने त्यांच्याकडे पाहिलं. मग ओट्यावर बसला.

"आता त्या घाटकोपरात बघण्यासारखा काय रवला नाय," तो म्हणाला.

हे वाक्य मी त्याच्या तोंडून शेकडो वेळा ऐकलं होतं आणि प्रत्येक वेळी मनात हसले होते. त्या दिवशी मला हसू आलं नाही.

मित्रांनो, तुमच्या घरी एखादी एकटी चप्पल पडली असेल तर ती कचऱ्यात टाकू नका. तिची दुसरी कुणाच्या तरी पायात आहे, आणि तो माणूस तुमच्या येण्याची वाट बघत हट्टाने तशीच घालून फिरतो आहे. त्याच्या गावाला हवी तेवढी नावं ठेवा, पण चप्पल घेऊन जा. आणि गेलात की चहाला नाही म्हणू नका.