पाहुण्याचा पंखा

“ताई, तीनदा फोन केला तुम्हाला! उचलत का नाही?”

नोंदणीच्या खिडकीवर बसणारी मुलगी धापा टाकत सर्व्हरच्या खोलीत शिरली. ताईंनी स्क्रीनवरून मान वर केली. फोन त्यांच्या डाव्या हाताला, वीतभर अंतरावर होता.

“हातात काम होतं गं,” त्या म्हणाल्या. “काय झालं?”

“काय झालं म्हणजे? एक नाव टाकलं की दोन मिनिटं नुसतं गोल गोल फिरतंय. रांग जिन्यापर्यंत गेलीय. एक आजोबा म्हणाले, पोरी, तुझं यंत्र माझ्याहून म्हातारं दिसतंय.”

“दहा मिनिटं दे.”

“पाच देते. सहाव्या मिनिटाला आजोबांनाच इकडे पाठवते.” आणि ती आली तशी गेली.

ताईंनी चष्मा पदराने पुसला. सकाळपर्यंत सगळं सुरळीत होतं. बिघाड असलाच तर तो आज त्यांच्याच हाताने झाला होता.

या इस्पितळात त्या आल्या तेव्हा टंकलेखिका होत्या. पुढे पहिला सर्व्हर आला आणि त्याच्याकडे लक्ष द्यायला कोणी नाही म्हणून “तुम्ही बघा जरा” असं म्हणत खोलीची किल्ली त्यांच्या हातावर ठेवली गेली. ते ‘जरा’ एकवीस वर्षं चाललं. खोली पूर्वी चादरी ठेवायची होती; हवा दमट असली की भिंतींना अजून साबणाचा वास येतो. आता तिथे लोखंडी कपाटात चार सर्व्हर. थोरल्यावर रुग्णांची नोंदणी, मधल्यावर रक्त-लघवीच्या तपासण्या, धाकट्यावर औषधं. चौथा दोन महिन्यांपुरता दुसरीकडून मागून आणला होता, म्हणून त्याचं नाव पाहुणा. त्याला सात वर्षं झाली. एक्स-रेची सगळी चित्रं त्याच्या पोटात. “पाहुणा आला आणि घरजावई झाला,” असं ताई म्हणायच्या.

या चौघांना सांभाळायची त्यांची एक रीत होती. ती कुठल्या पुस्तकातली नव्हती. सकाळी आल्या आल्या कपाटाच्या मागे जायचं, प्रत्येकाच्या पाठीला तळहात लावायचा, मग कान. पंखा मरायच्या आधी आठ दिवस रडतो, हे त्यांचंच वाक्य. बारीक, उंच, तारेवरून बोट फिरवल्यासारखं रडतो. ते रडणं ऐकू आलं की त्या पंखा बदलून टाकत. वरच्या मजल्यांवर कोणाला कळतही नसे की खाली काही होणार होतं आणि झालं नाही. त्यांची आई पाळणा हलवताना एक ओवी म्हणायची:

रडत्या बाळाला गं, घेती सारे कडेवर
मुक्या बाळापाशी, कोण बसे रातभर

ताईंच्या मनात असे, आपली बाळं मुकी नाहीत. ती रडतात. फक्त ऐकणारं कोणी लागतं.

आणि गेल्या महिन्यात मधल्याचा पंखा मेला. मधला तापला, आपला आपण बंद पडला. दीड तास तपासण्यांचे निकाल अडकले. कोणाचं काही वाईट झालं नाही. पण तापाने फणफणलेलं मूल मांडीवर घेऊन एक बाई त्या दीड तासात व्हरांड्यात बसून होती, आणि ताई तिच्यासमोरून चार वेळा गेल्या. अहवालात त्यांनी लिहिलं, ‘पंखा अचानक बंद पडला.’

अचानक नव्हता पडला. ते त्यांना पुढच्या रविवारी कळलं. दुसऱ्या गावातल्या, ओळख नसलेल्या कानाच्या डॉक्टरकडे त्या एकट्याच गेल्या. त्याने कानांवर डबे चढवले, हातात बटण दिलं. आवाज आला की दाबा. बराच वेळ बटण दाबायची वेळच आली नाही.

“बारीक आवाज आधी जातात,” डॉक्टर म्हणाला. “पाखरं, घंटी, शिट्टी. उजव्या कानात थोडं शिल्लक आहे, डाव्यात फार नाही. कानात यंत्र लावा.”

“बघते,” म्हणून त्या परतल्या. निवृत्तीला तीन वर्षं होती. कानात यंत्र दिसलं की ही किल्ली जाणार आणि आपण तळघरात जुन्या फायलींपाशी जाणार, असं त्यांच्या मनाने घेतलं. घरी सून म्हणायची, “आई, टीव्हीचा आवाज कोपऱ्यावरच्या न्हाव्याला पाठ झालाय.” त्या हसून आवाज कमी करत आणि मग नुसते हलणारे ओठ बघत बसत.

म्हणून यंत्रांवर लक्ष ठेवणारं हे प्लगइन. त्यांनी स्वतःच इस्पितळाच्या मोठ्या डॉक्टरांकडे मागितलं होतं. प्रत्येक सर्व्हरवर एक छोटा प्रोग्रॅम बसतो. तो यंत्राचा ताप, श्वास, पंख्यांच्या फेऱ्या मोजतो आणि सगळं ब्राउझरमधल्या एका पानावर दाखवतो. मोठे डॉक्टर खूश झाले. “उत्तम! म्हणजे माझ्या टेबलावरूनही दिसेल.” ताई हो म्हणाल्या. त्यांना एवढंच हवं होतं की कोणीतरी ऐकावं.

आज सकाळी आठला त्यांनी बसवायला घेतलं. चौघांवर प्रोग्रॅम टाकला, तो बंद करून पुन्हा चालू केला, ब्राउझरमध्ये पत्ता लिहिला. पान कोरं. तासभर पुस्तिका उलटसुलट वाचली, तेव्हा आठवलं की प्लगइनला लागणारा पोर्ट आपणच पाच वर्षांपूर्वी बंद केलाय. चोराच्या भीतीने मागच्या दाराला कुलूप घातलं आणि आता स्वतःच अंगणात उभ्या. दार उघडलं. पानावर एकाखाली एक चार नावं उमटली: थोरला, मधला, धाकटा, पाहुणा. प्रत्येकापुढे हिरवी रेघ हलू लागली. ताई कितीतरी वेळ त्या रेघांकडे नुसत्या बघत राहिल्या.

मग एक चौकट आली. किती वेळाने बघू? पुस्तिकेत लिहिलं होतं, एक मिनिट. ताईंनी ते खोडलं. एका मिनिटात काय काय हातचं जातं ते त्यांनी गेल्या महिन्यात पाहिलं होतं. त्यांनी लिहिलं, एक सेकंद.

आणि आता रांग जिन्यापर्यंत गेली होती.

थोरल्याची रेघ पार वर जाऊन चिकटली होती. त्याच्या अंगावर कोण कोण काम करतंय त्याची यादी त्यांनी उघडली. सगळ्यात जास्त खाणारा सगळ्यात वर. वर होतं ते प्लगइनच. दर सेकंदाला चौघांना उठवत होतं, शंभर प्रश्न विचारत होतं, उत्तरं थोरल्याच्याच डिस्कवर लिहीत होतं. थोरल्याला नोंदणीला सवडच मिळत नव्हती.

ताईंना हसू फुटलं. बाळंतिणीच्या उशाशी बसून सासूने घटकेघटकेला विचारावं, “झोप लागली का गं?” आणि वर म्हणावं, हिला झोपच कशी येत नाही! त्यांनी एक सेकंद खोडून साठ लिहिले. रेघ उतरू लागली. फोन उचलून त्यांनी उजव्या कानाला लावला आणि खिडकीचा नंबर फिरवला.

“बघ आता.”

“पळतंय!” मुलगी ओरडली, त्यामुळे नीट ऐकू आलं. “आजोबा म्हणतात, आता माझ्या पुढे गेलं.”

पण फोन ठेवला तेव्हा पानावर एक गोष्ट पिवळी झाली होती. *पाहुणा. पंखा दोन. वेग कमी.* नऊ हजार फेऱ्या हव्यात तिथे पाच हजार, मध्येच साडेचार, पुन्हा पाच.

ताई उठल्या. कपाटामागे जाऊन पाहुण्याच्या पाठीला तळहात लावला. थोडा कोमट. पाहुणा जुना होता, कोमट असायचाच. मग कान लावला, उजवा. खोल, मऊ घरघर, कापसात गुंडाळल्यासारखी. बाकी शांत. पाहुणा रडत नव्हता.

त्या परत येऊन बसल्या. पुस्तिकेतच लिहिलं होतं, यंत्र जुनं असेल तर मर्यादा खाली आणावी. सहा हजारच्या जागी चार हजार लिहिलं की पिवळं जाईल, चारही रेघा हिरव्या होतील आणि मोठ्या डॉक्टरांना पान दाखवता येईल. एकवीस वर्षांचा कान म्हणत होता, काही नाही. त्यांनी सहा खोडला. चार लिहिला. बोट कळीवर होतं.

“अहो, हे काय, दळण घातलंय का आत?”

दारात वायरमन. त्यांच्याच वयाचा, शिडी खांद्यावर, एसीची जाळी धुवायला आलेला. याचा आवाज मुळातच दोन खोल्या ओलांडणारा.

“काय म्हणता भाऊ?”

“म्हणतो, एवढं किंचाळतंय काय? जिन्यात ऐकू येतंय. मला वाटलं ताईंनी गिरणी काढली.” त्याने शिडी भिंतीला लावली, सरळ कपाटामागे गेला आणि न वाकता बोट ठेवलं. “हा. तुमचा घरजावई. पंखा गेलाच म्हणून समजा.”

ताईंचं बोट अजून कळीवर होतं. ते त्यांनी उचललं.

वायरमन कपाटामागून बाहेर आला. त्याने एकदा ताईंकडे पाहिलं, एकदा स्क्रीनवरच्या पिवळ्या ओळीकडे. पंखा मरायच्या आधी आठ दिवस रडतो, हे त्याला ताईंनीच शिकवलं होतं.

“कधीपासून?” त्याने विचारलं. एरवीपेक्षा हळू, पण तो समोर होता, ओठ दिसत होते.

“वर्ष झालं असेल. आधी पाखरं गेली. मला वाटलं, झाडं तोडली म्हणून.”

“आणि मधल्याचा?”

“तोही रडला असणार. आठवडाभर. मी इथेच खुर्चीत बसले होते भाऊ. शेजारी.” त्यांनी चौकटीतला चार खोडला आणि पुन्हा सहा लिहिला. “लिहिताना लिहिलं, अचानक.”

वायरमनने खिशातून स्क्रू-ड्रायव्हर काढला. “जादा पंखा आहे ना?”

“खालच्या खणात. डाव्या बाजूला.”

पाहुणा चालू असतानाच पंखा बदलता येत होता. ताईंनी खटका दाबून जुना ओढला. वायरमनने बॅटरीचा उजेड धरला. पंख्याच्या आसावर काळी चिकट धूळ जमली होती. नवा आत सरकला. पानावर पाच हजार झाले सात, सात झाले नऊ. पिवळं मावळलं.

“थांबला का?” ताईंनी विचारलं.

“थांबला.”

त्यांनी मान हलवली. हा प्रश्न त्यांनी जन्मात कोणाला विचारला नव्हता.

शेवटचं काम राहिलं होतं: काही बिघडलं तर कोणाला कळवायचं. पहिलं नाव, दुसरं नाव. दुसऱ्याशिवाय फॉर्म पुढे जात नव्हता.

“माझं टाका,” वायरमन म्हणाला. “नाहीतरी मला जिन्यातूनच कळतं.”

ताईंनी त्याचं टाकलं. मग स्वतःच्या नावापाशी आल्या. कसं कळवू? घंटी, संदेश, दोन्ही. त्यापुढे टीप लिहायला एक लहानशी ओळ. हे पान उद्या सकाळी मोठ्या डॉक्टरांच्या टेबलावर उघडणार होतं, नोंदणीच्या खिडकीवर उघडणार होतं. टीप सगळ्यांना दिसणार होती. नुसतं ‘संदेश’ निवडलं असतं तरी चाललं असतं. कोणी कारण विचारलं नसतं.

ताईंनी दोन्ही हात मांडीवर ठेवले. वायरमन शिडीवर चढून एसीची जाळी काढू लागला, मुद्दाम त्यांच्याकडे पाठ करून.

त्यांनी संदेश निवडला. टिपेच्या ओळीत लिहिलं: *घंटी नको. मला ऐकू येत नाही. मागच्या महिन्यातला पंखाही मला ऐकू आला नव्हता. अहवाल दुरुस्त करून देते.* एकदा वाचलं. टंकलेखिकेच्या जुन्या सवयीने पूर्णविराम तपासले. कळ दाबली. पान क्षणभर कोरं झालं आणि मग सगळं जागच्या जागी उमटलं, टिपेसकट.

वायरमन खाली उतरला. हात पुसत स्क्रीनपाशी आला, वाचलं, पुन्हा वाचलं. बाहेर जाऊन दोन कप चहा घेऊन आला, एक ताईंपुढे ठेवला आणि स्टूल ओढून त्यांच्या डाव्या बाजूला बसला.

चहा पिता पिता तो काहीतरी सांगू लागला. हात हलत होते, भुवया वर जात होत्या; गंमत असावी. ताईंना त्यातलं ‘जावई’ आणि ‘शिडी’ एवढंच कळलं.

“काय म्हणालात?” त्यांनी विचारलं.

वायरमन थांबला. त्याने कप टेबलावर ठेवला, उठून स्टूल उचललं, त्यांच्या खुर्चीमागून वळसा घालून उजव्या बाजूला आणून मांडलं. नीट बसला. हात लांब करून आपला कप इकडे घेतला.

“तर,” तो म्हणाला, “पहिल्यापासून सांगतो.”