एकाच पानाचे दोन दर

घराच्या मागच्या खोलीत मी आणि माझी धाकटी जाऊ शेजारीशेजारी बसून एका कंपनीसाठी परदेशातल्या डॉक्टरांनी पेशंटबद्दल रेकॉर्ड केलेलं बोलणं ऐकायचो आणि टाइप करायचो. पैसे पानामागे मिळायचे. तिची जीभ दिवसभर चालायची, म्हणून घरात सगळे तिला टकळी म्हणत. काही डॉक्टर तोंडात गुळणी धरल्यासारखे बोलत. मग आम्ही एकाच हेडफोनला दोघींचे कान लावायचो.

"ताई, हा पेशंटला घरी पाठवतोय की वर?" असं ती विचारायची आणि हसूनहसून दोघींची बोटं थांबायची.

सहा वर्षं अशी गेली. मग भाऊजींना त्याच डॉक्टरांच्या देशात नोकरी लागली. टकळी गेली, पण तिने तिथेही काम हेच धरलं, कंपनीही हीच. पहिल्या पगारानंतर तिचा फोन आला.

"रागावणार नाहीस ना? इथे एका पानाचे मला तुझ्या पाचपट देतात."

तिच्या चुका काढायची कोण, तर मी!

दुसऱ्या दिवशी कंपनीच्या साहेबांना विचारलं. ते सरळ म्हणाले, "बाई, दर पानाचा नसतो, बाजाराचा असतो. तुमच्याकडे या पैशात शंभरजणी तयार आहेत. तिकडे एकही मिळणार नाही."

टकळीला सांगितलं, तर ती म्हणाली, "खरंय ते. इथे नुसते केस कापायचे तर सहा पानांचे पैसे जातात."

"इथेही सहाच जातात गं."

"आणि कॉम्प्युटर?"

तो तिला वीस दिवसांच्या कामात येत होता, मला शंभर दिवसांच्या.

मग मी कंपनीला पत्र लिहिलं. कॉम्प्युटर मला कुणी स्वस्तात देत नाही, आणि बाकीच्यांच्या चुकाही मीच निस्तरते, असं स्पष्ट लिहिलं. महिन्याभराने मला तपासणीचं काम मिळालं, दर दीडपट झाला. पाचपट काही झाला नाही.

आता दोघींचंही ते काम सुटलंय. परवा मी तिला म्हटलं, "दर माहीत नव्हता तेव्हाच आपण सुखात होतो बघ."

"काहीतरीच काय!" ती फाडकन म्हणाली. "तेव्हाच विचारलं असतंस, तर तेव्हाच वाढला असता."