पिवळ्या पाण्यावरचा आरोप

मी एक जुना काचेचा चंबू आहे, मित्रांनो. झाशीच्या सदर बाज़ारामागे एक लहानशी प्रयोगशाळा आहे, तिथे माझे आयुष्य गेले. भट्टीत तापून, फुंकर खाऊन मला आकार आला. आम्ल उकळले तरी मी तडकलो नाही. जंतूंचे मात्र मला भय वाटे.

एके दिवशी तिथल्या संशोधक बकुळताईंनी माझ्यात जंतूच सोडले. त्या जंतूंच्या जनुकांत फेरफार केला होता, म्हणजे ते ब-२ जीवनसत्त्व भरपूर बनवतील म्हणे. हे जीवनसत्त्व कमी पडले की ओठांचे कोपरे चिरतात. माझा विश्वास बसेना. दूध नासवणारी ही जात औषध देईल? त्यात ताईंनी मला काळ्या कागदात गुंडाळले. माझा संशय वाढला.

काही दिवसांनी कागद सोडला, तर माझ्यातले पाणी पिवळेधमक, त्या जीवनसत्त्वाच्याच रंगाचे!

प्रयोगशाळेचे प्रमुख मधुसूदनजी सगळ्यांदेखत म्हणाले, "बकुळजी, सच सांगा. जीवनसत्त्वाची गोळी पाण्यात घोळलीत ना? म्हणूनच झाकून ठेवलंत!"

"उजेडात हे जीवनसत्त्व नासतं, सर."

"असं कोणीही म्हणेल. वर कळवलं तर नोकरी जाईल तुमची."

ताईंचा चेहरा उतरला. पण आवाज ठाम होता. "मग पुन्हा करू. या वेळी सगळं तुमच्या हातांनी. खोलीची किल्लीही तुमच्याकडेच."

मला वाफेत निर्जंतुक केले. शेजारच्या चंबूत साधे जंतू सोडले, माझ्यात बदललेले. खाद्य दोघांना एकच. मधुसूदनजींनी स्वतः दोघांना कागद बांधून खोलीला कुलूप लावले. चंबू हलवत ठेवणाऱ्या यंत्रावर डुलता डुलता मीही पहारा केला. कोणी फिरकले नाही.

कुलूप उघडले तेव्हा शेजारी फिकाच होता. मी गर्द पिवळा!

मधुसूदनजींनी मला बराच वेळ न्याहाळले. मग हळूच म्हणाले, "बकुळजी, माफ़ करा."

ताईंचे सासरे जगन्नाथराव रेल्वेतून निवृत्त झालेले, ओठांच्या चिरांनी बेजार. बातमी ऐकून ते तडक आले. "सूनबाई, दे एक घोट."

ताईंनी मला पटकन मागे ओढले. "नाही, बाबा! हे जंतूंपासून वेगळं करून, तपासून घेतल्याशिवाय थेंबही देणार नाही."

"स्वतःच्या कामावर भरवसा नाही?"

"सगळ्यात जास्त संशय मी त्याच्यावरच घेते."

आता माझी कड उडाली आहे. फळीवर धूळ खात बसतो. मित्रांनो, संशय आला तर जरूर तपासा. पण माणूस खरा निघाला, तर तेही तितक्याच मोठ्याने सांगा. मधुसूदनजींचा आरोप सगळ्यांनी ऐकला होता. माफी मागितली, तेव्हा ताईंखेरीज खोलीत आम्ही दोन चंबूच होतो.