वाकळीवरचे फटके

त्र्याहत्तर साल. जामखेडच्या बाजूच्या एका गावात पावसाने सलग दगा दिला होता आणि जमीनवालेही रस्त्याच्या दुष्काळी कामावर खडी फोडत होते. फोडलेली खडी लाकडी पेटीने मोजत. कारकून पेटी शिगोशीग भरून घ्यायचा आणि हिशेबात धरायचा मात्र काठापर्यंतच.

मनकर्णा चौथी शिकलेली. एका सोमवारी तिने पेटीच्या तोंडावरून काठी फिरवली, वरची खडी खाली पाडली आणि म्हणाली, "सायेब, पेटी हितवर भरती. वरची आमची."

कारकून खाली बघू लागला. टोळीतल्या बायका हसल्या. मनकर्णाचा नवरा कानिफनाथ शेजारीच उभा होता. तो काहीच बोलला नाही, आणि लोकांच्या लक्षात तेवढेच राहिले.

घरी जाताना त्याला चुलत्याने, कारभारीने गाठले. भावकीत कारभारीचा शब्द चालायचा.

"काय रं कान्या, तुज्या घरात पटका कोन बांधतं?"

"तात्या, लुगडं कोन नेसतं ते इचारा," मागून भावकीतला पुंजाराम बोलला. सगळे खदखदले.

कारभारी हसला नाही. "आज सांच्याला तिच्या वराडन्याचा आवाज माज्या वट्यापतुर आला पायजे. न्हाई आला तर भावकीच्या बैठकीला तू येऊ नगंस. तिलाच धाड."

लग्नाला सहा वर्षे झाली होती. कानिफनाथने कधी हात उचलला नव्हता. त्या दिवशी तो कोपऱ्यातली काठी घेऊन चुलीपुढे उभा राहिला आणि तसाच उभा राहिला. तात्या काय म्हणाला ते त्याने सांगितले.

मनकर्णाने भाकरी तव्यावर टाकली. "तुमास्नी मारायचं हाय का मला?"

"न्हाई."

"मंग नुसतं आयकवायचं हाय. ती वाकळ घ्या की."

तिने दार लावले. तो घडी केलेल्या वाकळीवर काठ्या ओढू लागला आणि ती ओरडू लागली, "मेले गं बाई! आगं आई गं!" मधेच तिला हसू फुटले. पदराचा बोळा तोंडात कोंबून ती पुटपुटली, "जोरात हाना की. भूक लागलीय व्हय?"

दुसऱ्या दिवशी पुंजारामने स्वतःहून तंबाखू पुढे केली. बैठकीत कारभारीने सरकून जागा दिली. आजवर कानिफनाथला असे कुणी बसवले नव्हते. चार दिवसांनी त्याने पुन्हा वाकळ काढली. मग पुन्हा.

मनकर्णाला मात्र कामावर पाठ धरून चालावे लागे. शेजारची दगडाबाई तिच्याकडे बघून चुकचुकायची. ज्या बायका तिच्यामागून कारकुनाशी भांडायच्या, त्या आता तिच्या वाट्याची पाटी उचलू लागल्या. तिला ते झोंबायचे.

"बास करा आता," ती म्हणाली.

"ह्या आठवड्याला येकदाच. तात्याचं पावनं यायचं हायती."

ओरडा माहेरपर्यंत पोचला. कोणी पोचवला ते कळले नाही. एका सकाळी, लोक हातोडे घेऊन कामावर निघायच्या वेळी, मनकर्णाचा भाऊ भिमाजी दोन चुलतभावांना घेऊन दारात आला.

"दाजी, भाईर या."

कानिफनाथ हसत बाहेर आला. पहिली काठी त्याच्या तोंडावर बसली. दोन दात मातीत पडले. चुलतभावांनी त्याला पालथा पाडला आणि भिमाजी पाठीवर, मांड्यांवर, पिंढऱ्यांवर मारत सुटला. धोतर रक्ताने भिजले. दगडाबाई किंचाळली. कारभारी, पुंजाराम, टोळीची माणसे गोळा झाली, पण त्या काठीच्या आत पाऊल टाकायला कोणी धजेना.

"कोन्त्या हातानं मारलं रं? ह्या?" भिमाजीने उजव्या मनगटावर टाच ठेवली आणि कोपराखाली काठी घातली. हाड मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला.

मनकर्णा धावली. एका चुलतभावाने तिला धरून ठेवले.

"भिमा, सोड त्यास्नी! आयक माजं!"

कानिफनाथने मान वळवली. रक्ताळलेल्या तोंडाने त्याने तिला नको म्हणून खूण केली. मग कारभारीकडे बघत तो मोठ्याने बोलला, "व्हय, मारलं. माजी बायकू हाय. पुन्यांदा मारीन."

भिमाजीने काठी टाकली आणि एकाच्या हातातला खडी फोडायचा हातोडा हिसकावला. तो डोक्यावर उचलला.

मनकर्णाने धरणाऱ्याच्या हाताला कडकडून चावा घेतला आणि नवऱ्याच्या आडवी पडली. उठली तेव्हा तिने लोकांकडे पाठ केली आणि चोळी वर सरकवली.

"बघा समदी! येक तरी वळ हाय का? सा वरसांत बोट लावलं न्हाई ह्यांनी मला. वाकळ बडवीत हुतं. तात्या, तुमास्नी आयकू यावं म्हनून!"

भिमाजीने हातोडा खाली घेतला. मग पुंजारामला हसू आले. "वाकळ!" तो म्हणाला. "आरं, वाकळीला मारत हुता!" हसू माणसामाणसांतून पसरत गेले. दगडाबाईसुद्धा तोंडाला पदर लावून हसली.

कानिफनाथ एका हातावर रेटा देत गुडघ्यावर उठला. मनकर्णा त्याला आधार द्यायला वाकली. त्याने डाव्या हाताची मूठ वळली आणि तिच्या तोंडावर मारली. मग दुसरी मारली. तिचा ओठ फाटला, नाकातून रक्ताची धार लागली आणि ती खाली बसली.

हसू थांबले.

भिमाजी पुढे झाला. तिने हात आडवा केला.

"ऱ्हाऊ दे. त्येचा येक हात मोडलाच हाय."

"मने..." कानिफनाथ म्हणाला.

ती उठली. पदराने नाक दाबून धरले आणि दगडाबाईला म्हणाली, "मावशे, त्येच्या हाताला दोन फळ्या लावून बांधा. खाली लोंबू देऊ नगा. आन् जामखेडच्या दवाखान्यात न्या."

"आन् तू गं?"

"मी चालले."

भिमाजीने तिला विचारले, काही घ्यायचे आहे का घरातून. ती नाही म्हणाली. ती भावांबरोबर गाडीवाटेला लागली. कारभारी कानिफनाथला उठवायला पुढे आला, पण कानिफनाथने त्याचा हात झिडकारला आणि तिथेच मातीत बसून राहिला.